कानातला नंबर, आईचा नंबर

(दृश्य: पहाट. धुक्यातला उतार. कळपापासून दूर एक काळी गाय.)

गाय कळप सोडून एकटी कोपऱ्याला गेली, की समजायचं, दिवस भरले.

हा इंग्लंडच्या वायव्येचा कंब्रिया. एप्रिल महिना, विण्याचा हंगाम. या गायींची धार कुणी काढत नाही. सगळं दूध वासराचं. सात-आठ महिने वासरू आईमागे हिंडतं, मग आईपासून तोडलं जातं आणि पुढे मांसासाठी वाढवायला विकलं जातं.

आईमागे आहे तोवर ते कुणाचं, हे सांगायला कागद लागत नाही. ज्या कासेला लागतं, ती त्याची आई. पण कधी कधी पहिल्या तासातच घोळ होतो. जिची वेळ जवळ आली आहे अशी गाय दुसरीचं ओलं वासरू आपलंच समजून चाटू लागते. खरी आई थकून बाजूला पडलेली असते. शेतकरी उजाडल्यावर निवांत आला, तर चुकीच्या गायीचा नंबर वहीत लिहून परत जाईल. म्हणून तो अंधारातच बॅटरी घेऊन निघतो.

(दृश्य: खिशातली छोटी वही, ओले हात, पेन्सिल.)

वहीत एका वासराला एक ओळ. आईचा नंबर, तारीख, गोऱ्हा की कालवड, रंग. विताना ओढावं लागलं का. वासरू उठून चीक प्यायलं का. आणि जुळं असेल तर तेही, न चुकता. कारण गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा कधीच गाभण राहत नाही. पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि तिचं गर्भाशय नीट घडत नाही. बाहेरून ती इतर कालवडींसारखीच दिसते. ‘जुळी, भावाबरोबर’ एवढं लिहायचं राहिलं, तर तिला पैदाशीसाठी ठेवून दोन वर्षं चारा घालायचा आणि मग कळायचं.

(दृश्य: चिमटा, पिवळे बिल्ले.)

आता बिल्ला. कानात मऊ हाडाच्या दोन जाड रेघा वर आलेल्या असतात; त्यांच्या मधल्या पातळ जागेत चिमटा दाबायचा, रक्तवाहिनी टाळून. काम क्षणाचं, पण धोक्याचं. एरवी गरीब असलेली गाय वासराला हात लागताच अंगावर येते, आणि अशा हल्ल्यांत माणसं दगावली आहेत.

बिल्ले दोन, दोन्ही कानांत एकच नंबर. एक काट्याकुट्यात अडकून तुटला, तरी दुसरा राहतो. ‘यूके’ ही अक्षरं आणि पुढे बारा आकडे: सहा कळपाचे, एक पडताळणीचा, पाच वासराचे. आपल्याकडच्या गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्लाही बारा आकड्यांचाच आहे.

इथे हा बिल्ला एवढा कडक का झाला, त्यामागे मोठी दुर्घटना आहे.

(दृश्य: जुनी वृत्तचित्रं.)

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. लोक त्याला ‘मॅड काऊ’ म्हणू लागले. पुढे एक लाख ऐंशी हजारांहून जास्त गुरांत तो सापडला. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं, की तरुण माणसांत दिसलेल्या एका जीवघेण्या आजाराचा या रोगाशी बहुधा संबंध आहे. आठवड्याभरात ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद झाली.

तीस महिन्यांवरचं जनावर माणसाच्या ताटात जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. पण समोरचं जनावर तीस महिन्यांचं आहे की नाही, हे सांगणार कोण? जन्माचा कागद नसेल तिथे तोंड उघडून दात बघितले. आपल्या बैलबाजारात दोनदाती, चारदाती म्हणतात, तसंच. बाजारात सौदा ठरवायला हे ज्ञान पुरतं, पण जन्माची नेमकी तारीख ठरवायला ते पुरत नाही. एका जनावराचे दात लवकर येतात, दुसऱ्याचे काही महिने उशिरा.

उत्तर आयर्लंडमध्ये गुरांची नोंद आधीपासून संगणकावर होती. तिथल्या गोमांसाची निर्यात जून १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाली. उरलेल्या ब्रिटनला ऑगस्ट १९९९ पर्यंत थांबावं लागलं. नोंद असणं आणि नसणं यातला फरक मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही. आणि तेव्हाही एक अट होती. वासरू जन्मल्यावर त्याची आई निदान सहा महिने जगलेली हवी, आणि तिला हा रोग झालेला नसावा. म्हणजे वासराचा स्वतःचा नंबर पुरेसा नव्हता. आईचाही लागत होता.

१ जुलै १९९६ नंतर जन्मलेल्या प्रत्येक वासराला पासपोर्ट, म्हणजे जन्माची आणि आईची नोंद असलेला ओळखीचा कागद आला. १९९८ मध्ये याच कंब्रियातल्या वर्किंग्टन गावी देशभरच्या गुरांच्या नोंदीचं कार्यालय सुरू झालं. वीस दिवसांत दोन्ही बिल्ले, सत्तावीस दिवसांत पासपोर्टचा अर्ज. मुदत चुकली, तर ते धडधाकट जनावर सहसा खाद्यबाजारात जाऊ शकत नाही. शेतकऱ्याच्या पदरी हा मोठा तोटा. तरीही मला हा नियम पटतो. जन्माच्या वेळची माहिती महिन्याभरानं आठवून लिहिली, तर ती पुन्हा दात बघण्याइतकीच भरवशाची.

(दृश्य: नोव्हेंबर. दोन कुंपणं, मध्ये वाट.)

वासरं तोडण्याचा दिवस. गायी एका बाजूला, वासरं दुसऱ्या बाजूला. दोन-तीन रात्री दोन्हीकडून हंबरणं चालतं, गावात कुणाला झोप नसते. मग आवाज विरळ होत जातो आणि थांबतो.

आता वासरं एकमेकांत मिसळली. चाळीस काळी वासरं, सारख्या उंचीची. शेतकरी बिल्ले वाचतो आणि एकेकाचा पासपोर्ट लावून घेतो. आईच्या नंबराच्या रकान्यात प्रत्येकावर वेगळा आकडा आहे. ट्रकचं फळकूट खाली पडतं, पहिलं वासरू चढतं.