ऑपरेटर जाण्याआधी

सकाळचे सात. भोसरी एमआयडीसी. पहिल्या पाळीचे कामगार हजेरी लावून मशीनकडे निघालेत. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने इथं एकमेकांना खेटून उभे आहेत. चांगल्या सीएनसी ऑपरेटरला, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग मशीन चालवणाऱ्याला, दुसरी नोकरी हवी असेल, तर कधी कधी फक्त रस्ता ओलांडावा लागतो.

‘हजार रुपयांसाठी गेला,’ असं मालक म्हणतात. पैशाचं कारण खरंच असतं. पगार कमी असेल, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं मिळत नसेल, तर गोड बोलून माणूस टिकत नाही. पण पगार बाजारभावाइतका असूनही माणसं जात असतील, तर नजर सुपरवायझरकडे वळवावी लागते. बऱ्याचदा तो कारखान्यातला सगळ्यात हुशार ऑपरेटर असतो. माणसं कशी सांभाळायची, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

माणूस गेला की काय बुडतं, याचा एक हिशेब मांडू. चार मिनिटांचा जॉब (मशीनवर घडवायचा भाग), आठ तास सलग मशीन चाललं तर १२० नग. नव्या माणसाला जॉब काढून दुसरा लावायला एक मिनिट जास्त लागलं, की ९६. पाळीमागे २४ नग बुडाले. ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीत, ०.०५ च्या जागी ०.५ पडलं, तर रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले नग, वेगळंच.

‘शेजारी उभा राहा, बघून शिक’ म्हणजे शिकवणं नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखे कामगार आले, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमानं चार पायऱ्या घालून दिल्या. त्या भोसरीतही चालतात. आधी माणसाची भीती घालवा, त्याला काय येतं ते विचारा. मग काम टप्प्याटप्प्यानं, कारणासकट दाखवा. नंतर त्याला करू द्या, आणि करताना बोलायला लावा. चकचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) पुसून मगच जॉब लावायचा; कारण बारीक चिप अडकली तर जॉब तिरका बसतो, रनआउट येतो, म्हणजे तो फिरताना डगमगतो. हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. शेवटी त्याला एकटा सोडा, पण अडलं तर कुणाला हाक मारायची ते नाव सांगून, आणि सुरुवातीला वरचेवर चक्कर मारून. नेमकी हीच पायरी घाईत गळते.

आता ऐकण्याचं. आठवड्यातून दहा मिनिटं, मशीन बंद असताना, इतरांपासून बाजूला. ‘काही अडचण?’ विचारलं की ‘काही नाही साहेब’ हेच उत्तर येणार. म्हणून नेमकं विचारा: या आठवड्यात मशीन कशानं थांबलं? कोणतं काम पुन्हा करावं लागलं? पुढं कोणतं मशीन शिकायचंय? उत्तर तारीख घालून वहीत लिहा. कूलंटला (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) वास येतो. दार सरकवताना खांदा भरून येतो. रात्रपाळीला गेजचं (माप तपासायच्या साधनांचं) कपाट कुलपात असतं. यातलं एक तरी पुढच्या आठवड्याच्या आत सुटायला हवं. जमणार नसेल तर का, ते त्याला सांगा. नुसतं लिहून घेतलं आणि हललं काहीच नाही, तर तो बोलणं बंद करतो, आणि मग थेट राजीनाम्याच्या दिवशीच बोलतो.

ऑपरेटरचा सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा) कधी होणार, त्यासाठी काय यायला हवं, पगार किती वाढणार, हे भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं असावं. आणि महिन्याच्या बैठकीत सुपरवायझरला उत्पादन आणि रिजेक्शन विचारताना तिसरा आकडाही विचारावा: त्याच्या पाळीतून किती माणसं गेली.