फियाटची उडी

[मंद गती: मागचं उजवं चाक]

हे चाक बघा. क्लच सुटलाय, आणि टायर पुढे जायचं सोडून उड्या मारतोय. टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. खऱ्या वेगात हे सेकंदाला दहा-बारा वेळा होतं. आत बसलेल्याला फक्त धडधड कळते.

गाडी प्रीमियर पद्मिनी. मुंबईकरासाठी फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिचं इंजिन होतं १०८९ सीसीचं, ताकद ४० हॉर्सपॉवर. आता बॉनेटखाली मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन आहे, ८० हॉर्सपॉवरचं. मागची बाजू मात्र पन्नासच्या दशकातल्या इटालियन आखणीचीच: एक सलग हाऊसिंग, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारं लोखंडी कवच, आणि त्याला दोन बाजूंना कमानपाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

[गॅरेज]

हे मिस्त्री. टॅक्सीच्या फियाटी उघडण्यात यांची हयात गेली. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि तिच्यासोबत यांचं निम्मं गिऱ्हाईकही गेलं. ज्या कारखान्यात ही गाडी घडली त्याच्या जागेवर आज टॉवर आहेत. ज्यांना ती आतून-बाहेरून पाठ आहे, ती माणसं अजून याच कुर्ल्यात काम करतायत, आणि त्यांना विचारायला कुणी येत नाही.

मालक तरुण आहे. येताना रुंद टायर घेऊनच आला. मिस्त्रींनी ते भिंतीला लावून ठेवायला सांगितलं. "आधी पाटे बघू, बाळा. टायर कुठं पळून जात नाहीत."

[खड्ड्यातून, हाऊसिंगवर खडूची रेघ]

चाकांपुढे लाकडी ठोकळे आहेत. हँडब्रेक मुद्दाम सोडलाय. तो लावला असता तर ओढ हाऊसिंगच्या आतच जिरली असती आणि पुढचं काही दिसलंच नसतं. खड्ड्यात फक्त कॅमेरा आहे, माणूस नाही. आता क्लच हळूच सोडला.

रेघ बघा. चाकं पुढे फिरू बघतात, हाऊसिंग उलटं वळतं, त्याचं नाक, म्हणजे इंजिनकडून येणारा शाफ्ट जिथे जोडतो ते पुढचं टोक, वर जातं. कपडे पिळावेत तसे पाटे पिळवटतात. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पहिल्या गिअरमधून आणि डिफरन्शियलमधून (हाऊसिंगमधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरमधून) चाकांपर्यंत पोचतो तेव्हा सुमारे पंधरा पट झालेला असतो, आणि तो सगळा या पाट्यांनी अडवायचा. टायरची पकड सुटली की पाटे झटक्यानं सरळ होतात, टायर जमिनीवर आपटतो, पकड परत येते, पिळवटणं पुन्हा सुरू. उडी ती हीच. यात शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो, चाकाला फिरवणारा हाफ शाफ्ट तुटतो.

[लेथ]

पाट्यांच्या दोन्ही टोकांचे रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या गाद्या, झिजून गेले होते. नवे पॉलीयुरेथेनचे, रबरापेक्षा टणक प्लास्टिकचे. तयार मागवता आले असते, पण मिस्त्रींनी शेजारच्या लेथवर करून घेतले. हा माल लोखंडासारखा कापला जात नाही, टूल लागलं की मागे सरतो. म्हणून टूलला वस्तऱ्यासारखी धार लावायची आणि काप हलका घ्यायचा. कारागीर मोजतो, बसवून बघतो, पुन्हा चढवतो. ही पिवळी रिबन निघतेय ना, ती न तुटता निघाली म्हणजे काप बरोबर. आत स्टीलची नळी आणि भरपूर ग्रीस.

मग पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागावर घट्ट क्लॅम्प. पिळवटणं अडवायचं काम तोच भाग करतो. मागचा अर्धा खड्डे सोसायला मोकळा ठेवला. हाऊसिंगखाली पाचर घालून त्याचं नाक दोन-तीन अंश खाली केलं, म्हणजे जोर लागल्यावर ते वर येऊन सरळ रेषेत बसेल. शेवटी ट्रॅक्शन बार. पाइपचा दांडा, एक टोक हाऊसिंगला, दुसरं पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल वळशाजवळ. हे टोक चुकीच्या जागी जोडलं तर दांडा पाट्याच्या हालचालीलाच अडेल, म्हणून वेल्डिंगआधी मिस्त्री सस्पेन्शन पूर्ण वर-खाली करून बघतात. रुंद टायर आणि नवे शॉकअप त्यानंतर चढले.

[बंद आवार, मंद गती]

तीच गाडी. मागचा भाग बसतो, टायरची बाजू चुरगळते, गाडी निघते.

मागची सीट आता कडक झालीय, आवाजही वाढलाय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे असे बदल रस्त्यावर मनाला येतील तसे करता येत नाहीत, म्हणून गाडी आवारात.

एक गोष्ट बाकी आहे. इंजिनकडून मागे येणाऱ्या जॉइंट शाफ्टच्या पिळामुळे उजवं चाक हलकं होतं आणि तेच आधी घसरतं. साधं डिफरन्शियल मग डाव्यालाही त्या घसरणाऱ्या चाकाएवढाच कमी जोर देतं. मालकाला कुणीतरी सांगितलंय, डिफरन्शियल वेल्ड करून टाक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील. मिस्त्री तयार नाहीत. सरळ रेषेत ठीक, पण वळणावर दोन्ही चाकं सारखीच फिरणार, मग टायर घासणार नाहीतर शाफ्ट जाणार. वाद अजून मिटलेला नाही. वेल्डिंगचं मशीन मात्र मिस्त्रींच्या ताब्यात आहे.