राउटरचे हिरवे दिवे

(दृश्य: अंधारी खोली. कपाटावर राउटरचे दोन हिरवे दिवे लुकलुकताहेत.)

रात्रीचे अकरा वाजलेत. घर निजलंय, हे दिवे तेवढे जागे आहेत. झोपायला जाता जाता घरातलं कुणीतरी थबकतं आणि राउटरचं बटण बंद करतं. "पोरं झोपतात इथे. उगाच कशाला रात्रभर रेडिएशन?"

या रेडिएशन शब्दापाशीच आधी थांबू. मराठीत आपण त्याला सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हणतो आणि किरणोत्सर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे चेर्नोबिल उभं राहतं. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र शब्द दोन आहेत. युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या केंद्रकातून आपोआप बाहेर पडतो तो किरणोत्सर्ग. ऊर्जा लहरींच्या रूपात पसरते ते प्रारण. निखाऱ्याची धग हे प्रारण, चांदणं हे प्रारण, रेडिओवर बातम्या घेऊन येतं तेही प्रारणच. वायफाय याच कुळातलं. मला तर वाटतं, निम्मी भीती या सरमिसळीतूनच आलीय.

उरलेल्या निम्मीचा हिशेब करू.

(दृश्य: राउटर जवळून. मग खिडकीतून येणारं ऊन.)

घरातलं वायफाय बहुधा 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्‌झवर चालतं. 2.4 म्हणजे सेकंदाला 240 कोटी आवर्तनं. आकडा छाती दडपवणारा आहे खरा, पण खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडाची आवर्तनं याच्या लाखो पट. प्रकाशाच्या एका कणात वायफायच्या कणापेक्षा सुमारे दोन लाख पट ऊर्जा असते. पेशीतल्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायचा, डीएनएचा धागा तोडायचा, तर त्याहूनही जास्त ऊर्जा लागते. क्ष-किरणांकडे ती असते. वायफायकडे नसते, आणि राउटर दहा लावले तरी ती येत नाही. पाकळ्या पोतंभर फेकल्या म्हणून काच फुटत नाही.

मग शरीरावर काहीच होत नाही? होतं. पुरेशा तीव्र रेडिओलहरींनी ऊती तापतात. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तो यावरच, आणि तोही 2.45 गिगाहर्ट्‌झवर. इथेच अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण ओव्हन एका बंद पेटीत 700 ते 1000 वॅट कोंबतो. युरोपातल्या नियमानुसार 2.4 च्या पट्ट्यात राउटरला मुभा आहे 100 मिलीवॅटची, म्हणजे एका वॅटच्या दहाव्या हिश्शाची. शिवाय ती चारी दिशांना पसरते आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता एक चतुर्थांश होते. एक मीटरवर उरतात चौरस मीटरला साधारण 8 मिलीवॅट. आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य माणसासाठी आखलेली मर्यादा 10,000 मिलीवॅटची आहे. त्यातही राउटर सतत बोलत नाही. घर झोपलं की तो सेकंदाला दहाएक वेळा 'मी इथे आहे' एवढंच पुटपुटतो.

(दृश्य: वर्तमानपत्रांचे मथळे, अक्षरं धूसर.)

'जागतिक आरोग्य संघटनेनेच कर्करोगकारक म्हटलंय ना?' हा प्रश्न येतोच. मे 2011 मध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना 2बी गटात टाकलं. 2बी म्हणजे 'कर्करोगकारक असू शकेल', पुरावा तोकडा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. धोका किती मोठा, हे तो गट सांगत नाही; पुरावा किती भक्कम, एवढंच सांगतो. आणि तेव्हाचा मुख्य पुरावा कानाला लावलेल्या मोबाइलबद्दलचा होता. पुढे 2024 मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

फ्रान्सने 2015 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत वायफायला मनाई केली. कायदा सावधगिरीचा आहे, मला त्यात वावगं दिसत नाही. पण तो इजेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, ते पटत नाही.

डोकेदुखी, झोपमोड, अंगावर मुंग्या. वायफायमुळे हे होतं असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. दुखणं खरंच असतं. अशा 1,175 जणांवरच्या 46 प्रयोगांचा आढावा 2010 मध्ये निघाला. लहरी कधी चालू आणि कधी बंद, हे ना त्यांना ठाऊक होतं, ना प्रयोग करणाऱ्याला. त्रास व्हायचा, पण लहरी बंद असतानाही व्हायचा.

2013 मधला एक प्रयोग तर आमच्यासारख्यांना खजील करणारा. 147 जणांपैकी काहींना वायफायच्या धोक्यांवरची टीव्हीवरची फिल्म दाखवली, बाकीच्यांना वेगळ्याच विषयाची. मग सगळ्यांना सांगितलं, आता पंधरा मिनिटं तुमच्यावर वायफायचा सिग्नल सोडतोय. सिग्नल नव्हताच. तरी 54 टक्क्यांनी त्रास झाल्याचं सांगितलं. कुणाच्या अंगावर मुंग्या आल्या, कुणाचं लक्ष लागेना. दोघे तर अर्ध्यातून उठून गेले. आधीच धास्तावलेल्यांपैकी ज्यांनी ती फिल्म पाहिली, त्यांना त्रास जास्त. म्हणून या व्हिडिओत गूढ संगीत टाकायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. राउटर बंद. पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड.)

राउटर बंद झाला, पण पांघरुणाखालचा फोन मोबाइल डेटावर गेला. आता त्याला हाकेच्या अंतरावरच्या राउटरऐवजी दूरच्या टॉवरशी बोलायचंय. रेंज कमी, तर आवाज मोठा. लहरींचाच हिशेब मांडायचा, तर बटण बंद केल्याने अनेकदा पोराच्या वाट्याला त्या जास्तच येतात, कारण हा फोन कपाटावर नाही, हातात आहे.

भीती आली की तिच्यावरचा माल बाजारात येतो. राउटरवर झाकायच्या जाळ्या निघाल्या, फोनला चिकटवायचे स्टिकर निघाले, 5जीपासून वाचवणारी गळ्यातली पदकं आणि मुलांची ब्रेसलेटं निघाली. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने असल्या दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. त्या वस्तूंतून खराखुरा किरणोत्सर्ग होत होता. पाठ्यपुस्तकातला, पहिल्या अर्थाचा. ज्यांनी त्या घेतल्या होत्या त्यांना सांगण्यात आलं: अंगावरून काढा, सुरक्षित जागी ठेवून द्या आणि परत कशा करायच्या त्या सूचनेची वाट पाहा.