आपण बसतो, ते उभे राहतात

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय, इंग्लंडचे पब, कळल्यावर काही घरांत रेडिओचा आवाज हळूच कमी झाला असेल. असू द्या. मी मिरजेचा, आणि आमच्याकडे हा विषय नेहमी हळू आवाजातच निघायचा.

मराठीत दारू पिण्याला आपण 'बसणं' म्हणतो. 'आज बसायचं का?' असं कोणी म्हणालं, की कशासाठी बसायचं ते कोणी विचारत नाही. परमिट रूममध्ये बसण्याची रीतही ठरलेली. अंधूक दिवा, कोपऱ्यातलं टेबल, दाराकडे पाठ. पोऱ्या फडका मारतो, शेंगदाण्याची बशी आपटतो, आपण मान वर न करता ऑर्डर देतो. ही रीत सोबत घेऊन मी १९९४ साली रेल्वे सिग्नलच्या कामावर इंग्लंडला आलो आणि पहिल्याच आठवड्यात डर्बीच्या एका पबमध्ये टेबल धरून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वीस मिनिटांनी मी घसा खाकरला. कोणी आलं नाही. शेवटी शेजारच्या टेबलाखाली एक कुत्रा झोपला होता, त्याचे मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बिअर चालत यायची नाही हं, डक." मला वाटलं, मला बदक म्हणाले. नंतर कळलं, डर्बी-नॉटिंगहॅमकडे प्रेमाने तसंच म्हणतात, बायकांनाही आणि बाप्यांनाही.

तर पहिला धडा हा, की पबमध्ये उठून काउंटरवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे आणि आपला ग्लास आपण उचलून आणायचा. पुष्कळ लोक तर तिथेच, काउंटरला कोपर टेकून, उभ्याने पितात. काउंटरवर रांग नसते, पण नंबर असतो. आपल्या आधी कोण आलं हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. बारवाल्या बाईने चुकून आपल्याला आधी विचारलं, तर बाजूच्याकडे हात करून 'आधी हे' म्हणायचं. हे एकदा केलंत, की तुम्ही तिथलेच झालात. नोट हलवलीत किंवा चुटकी वाजवलीत, तर मात्र त्या रात्रीपुरते तुम्ही अदृश्य.

माझं काम असं होतं, की आज क्रू, उद्या यॉर्क, परवा एक्सिटर. संध्याकाळी लॉजमध्ये काय करणार? भिंत बघायची किंवा पबमध्ये जायचं. तीस वर्षांत एवढे पब झाले, की आता माझी स्वतःची एक कसोटी तयार झाली आहे. एकट्या माणसाने एका पाइंटवर, म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठ्या ग्लासावर, पाऊण तास काढला, तर त्याच्याकडे कोणी रोखून बघू नये. आणि त्याने तोंड उघडलंच, तर कोणीतरी उत्तर द्यावं. बाकी सजावट, इतिहास, मेनू हे सगळं नंतर.

बिअरबद्दल एक खुलासा आधी करतो. इंग्रज कोमट बिअर पितो, असं आपल्याकडे हसून सांगतात. ते खरं नाही. जिला इथे कास्क एल म्हणतात, ती पिंपात भरल्यावरही जिवंत असते. यीस्ट आतच असतं आणि पबच्या तळघरात ती शेवटची मुरते. तळघराचं तापमान अकरा ते तेरा अंश. म्हणजे फ्रिजची बाटली नव्हे, माठातलं पाणी. माठातल्या पाण्याला आपण कोमट म्हणतो का? ही बिअर गॅसच्या जोरावर वर येत नाही; लाकडी मुठीचा पंप हाताने ओढून काढावी लागते. एका ओढीत अर्धा पाइंट येतो, दुसरीत ग्लास भरतो. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पाइंट. एकदा उघडलं, की हवा लागते आणि तीनेक दिवसांत संपवलं नाही, तर आंबतं. म्हणून ज्या पबला गिऱ्हाईक नाही, तिथे ही बिअर मागूच नये. सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्या ही भानगड बंद करून गॅसवाली बिअर विकायला निघाल्या होत्या. १९७१ साली चार मित्रांनी 'कॅमरा' नावाची चळवळ काढली आणि ती वाचवली. बिअरसाठी चळवळ! आपण उसाच्या दरासाठी केली, त्यांनी बिअरसाठी केली. ज्याचं त्याचं दुखणं.

आणि फेसाचं भांडण. उत्तरेत पंपाच्या नळीला बारीक भोकांची तोटी लावतात, त्याने साईसारखा जाड फेस येतो. दक्षिणेत ती तोटी म्हणजे बिअरचा खून. मी यॉर्कशरमध्ये फेसाची स्तुती करतो आणि केंटमध्ये निंदा. पाहुण्याने एवढं करावं.

आता नावं घेतो. नॉटिंगहॅमला किल्ल्याच्या कड्याखाली 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' आहे. भिंतीवर ११८९ साल रंगवलेलं. त्याच गावातले आणखी दोन पब म्हणतात, छे, आम्हीच जुने. गावोगावी 'मूळ आणि एकमेव' पाटी लावलेली मिसळीची दुकानं असतात ना, तसंच. पण आतल्या खोल्या मात्र वालुकाश्मात कोरलेल्या आहेत, भिंतीला हात लावला की बोटाला रेती लागते, आणि त्या गुहेत दुपारी तीन वाजता बसलं, की पांडवलेण्यात बिअर पीत असल्यासारखं वाटतं. दुपारीच जा. संध्याकाळी फोटो काढणाऱ्यांची कोपरं लागतात.

केंब्रिजचा 'ईगल' घ्या. २८ फेब्रुवारी १९५३ ला फ्रान्सिस क्रिक तिथे जेवायच्या सुट्टीत शिरला आणि जीवनाचं रहस्य सापडल्याचं त्याने सांगून टाकलं. डीएनएची रचना. मला मात्र मागच्या खोलीचं छत आवडतं. महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्त्या-लायटरच्या काजळीने तिथे आपली नावं आणि तुकड्यांचे आकडे काढून ठेवलेत. त्यातले किती परत आले, हा विचार मनात आला, की तिथे जोरात बोलवत नाही.

लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवर 'ये ओल्ड चेशर चीज' आहे, १६६६च्या मोठ्या आगीनंतर १६६७ साली पुन्हा बांधलेला. खाली उतरत जावं तसतशा खोल्या लहान आणि काळोख्या होत जातात. आमच्या परमिट रूमची आठवण येणारी इंग्लंडमधली ही एकच जागा! तो टॅडकॅस्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीचा आहे. त्यांच्या पबांत गाणी नाहीत, टीव्ही नाही, मोबाइलवर बोलायला बंदी. शिव्यांनाही बंदी घातली होती. हे शेवटचं ऐकून माझा एक पंजाबी सहकारी म्हणाला, मग बोलायचं काय? लंडनच्या बाकीच्या चकचकीत बारबद्दल मी बोलत नाही. सात पौंड देऊन संगीतावर ओरडण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

लिव्हरपूलच्या 'फिलहार्मोनिक'मध्ये मात्र गेलंच पाहिजे. विसाव्या शतकाच्या तोंडावर बांधलेला, आत लाकडाचं कोरीवकाम आणि मोझेक. पण लोक येतात ते पुरुषांची मुतारी बघायला. गुलाबी संगमरवरासारखी, एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात शोभेल अशी. आमच्या सौ.ना मी बाहेरूनच तिचं वर्णन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, तीस वर्षांत तुम्ही माझ्या कुठल्या साडीचं एवढं वर्णन केलं नाहीत.

आता वेदरस्पून, पबांची साखळी. या नावाला नाक मुरडणारे खूप आहेत. टिम मार्टिनने १९७९ साली लंडनच्या मझवेल हिलला पहिला पब काढला, आज देशभर शेकडो आहेत. जुनी बँक, जुनं थिएटर, पोस्ट, जे रिकामं पडलं ते त्यांनी घेतलं. टनब्रिज वेल्सला तर ऑपेरा हाउसमध्ये आहे. बाल्कनीखाली बसून चिप्स खायच्या. प्रत्येक पबचा गालिचा वेगळा विणून घेतलेला, आणि मुतारी नेहमी इतकी लांब, की निघताना कोणाला तरी सांगून जावं. मालकाची राजकीय मतं मला पटत नाहीत. पण सकाळी नऊ वाजता, पाऊस पडत असताना, पेन्शनवर जगणारा एकटा म्हातारा दीड-दोन पौंडांच्या कॉफीवर तिथे दुपारपर्यंत बसू शकतो, आणि कॉफी पुन्हा भरून घ्यायला वेगळे पैसे नाहीत. माझ्या कसोटीला ही जागा उतरते. बहुतेक ठिकाणी गाणीही नसतात.

याच्या उलट एक किस्सा. सरे परगण्यातल्या एका सुंदर गावात, नाव सांगत नाही, मी एका पबमध्ये शिरलो. दारावर वेल, आत शेकोटी. मुलीने विचारलं, किती जण जेवणार? म्हटलं, कोणी नाही, मला एक पाइंट हवाय. तिने चारी बाजूंना पाहिलं. प्रत्येक टेबलावर काटे-चमचे आणि 'राखीव'ची पाटी. काउंटरपाशी एकच उंच स्टूल, त्यावर फुलांची कुंडी. ती उचलायला तिला सांगणं मला जमलं नाही. कुंडीशेजारी उभा राहून मी पाइंट संपवला, समोरच्या टेबलावर पत्र्याच्या चिमुकल्या बादलीतून चिप्स आल्या त्या मोजल्या. नऊ होत्या.

आणि आता आमचा भाग, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा, ज्याला ब्लॅक कंट्री म्हणतात. ब्रायर्ली हिलला 'व्हाइन' आहे, लोक त्याला 'बुल अँड ब्लॅडर' म्हणतात. मागेच बॅथम्सची ब्रुअरी, म्हणजे बिअरला प्रवास पन्नास पावलांचा. दर्शनी भिंतीवर शेक्सपिअरच्या नाटकातली, चांगली बिअर करणाऱ्याला आशीर्वाद देणारी ओळ रंगवलेली. आत चीज-कांदा घातलेला पाव, डुकराच्या चामडीचा कुरकुरीत चकना आणि सोनेरी, किंचित गोडसर, 'बिटर' नावाची बिअर. कौतुक एवढंच करतो, की तिथून परत येताना मी नेहमी बसने येतो.

पण वेस्ट ब्रॉमविच आणि स्मेथिकचे 'देसी पब' आपल्या माणसांनी समजून घ्यावेत असे आहेत. साठच्या दशकात इथल्या लोखंडाच्या भट्ट्यांत पंजाबी माणसं राबत होती. अंगातलं पाणी घामावाटे गेलं, की संध्याकाळी बिअर हवीच. पण कित्येक पबांत त्यांना चांगल्या खोलीत घेत नसत, काही ठिकाणी तर दारातूनच परत पाठवत. भारतीय कामगार संघटनेच्या बोलावण्यावरून १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स स्मेथिकला आला, मार्शल स्ट्रीटवर फिरला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी कायदा झाला आणि पबमध्ये वर्णभेद करणं बेकायदा ठरलं. पुढे ज्यांना दारात अडवलं होतं, त्यांच्याच लोकांनी एकेक करून पब चालवायला घेतले. आज 'रेड लायन'मध्ये किंवा 'व्हाइन'मध्ये (हा वेस्ट ब्रॉमविचचा व्हाइन, घोटाळा नको) लोखंडी तव्यावर चरचरत मिक्स ग्रिल, म्हणजे भाजलेलं मांस, येतं, कांद्याचा धूर डोळ्यांत जातो, आणि टीव्हीवर गावच्या वेस्ट ब्रॉम फुटबॉल संघाने गोल खाल्ला, की सरदारजी आणि गोरा म्हातारा एकाच सुरात कपाळाला हात लावतात. तिथे मी पहिल्यांदा पोळीचा तुकडा मोडून बिअरबरोबर खाल्ला.

जाता जाता टॅन हिल इन. यॉर्कशरच्या माळावर १,७३२ फुटांवर, ब्रिटनमधला सर्वांत उंच पब. कळसूबाईच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नाही, पण इंग्रजांसाठी तो हिमालय. नोव्हेंबर २०२१ मध्ये बर्फाने वाट बुजली आणि साठेक माणसं तीन रात्री आत अडकली. मी नव्हतो. नशीब एकेकाचं.

२००० साली या देशात साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. आमच्या गल्लीतला अजून चालू आहे. मालकीणबाई मला 'बॅब' म्हणतात, तो इकडचा प्रेमाचा शब्द. मला तो 'बाबा'च ऐकू येतो. आज गुरुवार. दर गुरुवारी त्या 'माइल्ड' नावाच्या बिअरचं नवं पिंप उघडतात. बहात्तर पाइंट, तीन दिवस, आणि गिऱ्हाइकं आम्ही अकरा-बारा जण. तेव्हा मंडळी, मी निघतो. नमस्कार.