उतारावरची कमान

(दृश्य: दवाने ओलं गवत. त्यात ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या.)

ही डावी चाकोरी बघा. टायरच्या दातांची नक्षी वरून सरळ उतरत आली आहे. आणि इथे, या दगडापाशी, ती पुसली गेली. इथून पुढे चाक फिरत नव्हतं, नुसतं घसरत होतं. उतार फार मोठा नाही. पायी चढताना धापही लागत नाही.

(दृश्य: उलटलेला ट्रॅक्टर.)

दुसऱ्या दिवशी दोर लावून ट्रॅक्टर सरळ केला. चालक वाचला नाही. सीटच्या मागे दुमडलेली कमान दिसते आहे ना? ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवतीची जागा मोकळी राहावी म्हणून ती असते. ती त्या वेळीही अशीच दुमडलेली होती.

(दृश्य: फळीवर लाकडी ट्रॅक्टर, पोटाखाली ओळंबा.)

ट्रॅक्टरला चाकं चार, पण तोलाचे टेकू तीनच. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर झुलतो. खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून तो तसा बसवलेला असतो. त्यामुळे तोल धरणारा आकार चौकोनी राहत नाही. मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन, असा त्रिकोण होतो. हा ओळंबा जिथे रोखतो, तिथे ट्रॅक्टरचं सगळं वजन येतं. ओळंबा त्रिकोणाच्या आत आहे तोवर ट्रॅक्टर उभा. फळी तिरकी करत गेलं, की ओळंबा खालच्या चाकाकडे सरकतो. अजून आत आहे. अजून आत आहे. आता खालच्या चाकाखालची ही एक पातळ चकती काढतो...

एवढीच चकती. म्हणून उतार बेताचा आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. वरचं चाक दगडावर चढलं, खालचं खड्ड्यात गेलं, पुढचा लोडर, म्हणजे माती भरायचं सूप, उचललेला राहिला, फवारणीच्या अर्ध्या टाकीतलं पाणी खालच्या अंगाला धावलं, की कालपर्यंत साधा वाटणारा उतार तोल घालवतो. वळणावर तर वेग दुप्पट केला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. मागच्या चाकांमधलं अंतर बऱ्याच ट्रॅक्टरांवर वाढवता येतं. जॅक लावा, चाकं काढा, रिम फिरवून बसवा, असं ते खटपटीचं काम आहे. पण उतारावर रोज काम असेल, तर ती खटपट करावीच. त्रिकोण रुंद होतो.

(दृश्य: चाचणीचं मैदान. ट्रॅक्टर मागे उलटतो. संथ गती.)

हे चित्रण मुद्दाम संथ केलं आहे. सीटवर पुतळा बसवला आहे. चढावर मागे ओझं बांधलं आहे, आणि साखळी ड्रॉबारला, म्हणजे ओझं ओढायच्या खालच्या दांड्याला, न लावता वर, टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी लावली आहे. क्लच झटक्यात सुटला. इंजिन मागचा अ‍ॅक्सल फिरवू पाहतंय, पण ओझ्यामुळे चाकं जागची हलत नाहीत. मग त्या जोराने ट्रॅक्टरचं धडच अ‍ॅक्सलभोवती फिरू लागतं. साखळी वर असल्याने तीही धडाला मागेच खेचते. ट्रॅक्टरने तोंड उचललं. इथे थांबू या.

तोंड उचलल्यापासून इथवर यायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. याच्या पुढे क्लच दाबून काहीही होत नाही. आणखी पाऊण सेकंदात सीट खाली आणि चाकं वर. घाबरलेल्या माणसाला काय घडतंय हे उमगून पाय क्लचवर न्यायला एवढाच वेळ लागतो. कितीही मुरलेला चालक असो, तो पाऊण सेकंद कुणालाच वाढवून मिळत नाही. ओझं ड्रॉबारलाच बांधायचं, क्लच हळू सोडायचा, चढ उभा असेल आणि मागे काही जोडलेलं नसेल तर रिव्हर्समध्ये चढायचं. हे सगळं पाळा. पण कमान आहे ती एवढं पाळूनही चुकलेल्या दिवसासाठी.

(दृश्य: कमान तपासणारं यंत्र.)

कमान म्हणजे नुसता वाकवलेला पाइप नव्हे. १९५९ साली स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर ती कायद्याने सक्तीची केली. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्रॅक्टर तपासणीची पद्धतही त्याच वर्षीची. त्या चाचण्यांत २००० किलोचा लोलक मागे ओढून कमानीवर सोडत. आता बहुधा असा दट्ट्या लावून ती मागून ढकलतात, बाजूने ढकलतात, वरून दाबतात. कमान वाकते आहे, आणि तिने वाकायचंच असतं. वाकताना ती आदळण्याचा जोर स्वतः खाते. तपासायचं एवढंच, की वाकूनसुद्धा चालकाच्या भोवतीची ठरवलेली जागा मोकळी राहिली का. म्हणून गावातल्या वर्कशॉपमध्ये जोडलेल्या पाइपला कमान म्हणू नका. खरी कमान असेल तर तिला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, आणि ट्रॅक्टर एकदा उलटला असेल तर ती बदला.

अमेरिकेत १९७६ पासून, मजूर चालवतील त्या नव्या ट्रॅक्टरांना कमान सक्तीची झाली. घरच्या शेतात घरचाच माणूस चालवतो तो ट्रॅक्टर मात्र नियमाबाहेर राहिला. हे आम्हाला फार खटकलं. उतारावर एकटाच काम करणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो.

(दृश्य: ब्रेकची दोन पेडलं, पट्टी.)

उतरतानाचं थोडक्यात सांगतो. शेतात जागेवर वळता यावं म्हणून डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. उतारावर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गिरकी घेतो, म्हणून दोन्ही पेडलं जोडणारी ही पट्टी आधी लावायची. गिअर वरच कमी करून घ्यायचा, कारण वाटेत क्लच दाबला की इंजिनचा अडसर सुटतो आणि ट्रॉली मागून रेटते. फोर व्हील असेल तर ते चालू ठेवा. न्यूट्रलवर उतरून कुणी डिझेल वाचवत असेल, तर त्याला आजच थांबवा. मडगार्डवर कुणालाही बसवू नका. ती जागा कमानीच्या आत येत नाही.

(दृश्य: फळबाग. ट्रॅक्टर फांद्यांखालून बाहेर येतो.)

कमान दुमडती केली ती अशा जागांसाठी. फांद्या खाली असतात, कमान अडकते. चालक ती पाडतो, काम करतो आणि शेवटची ओळ संपवून तसाच उताराला लागतो. आम्ही चित्रण केलेल्या बागेत दिवसभरात कमान एकदाच पडली आणि पुन्हा उभी झाली नाही.

सीटचा पट्टा कमान उभी असतानाच लावायचा. कमान नसेल किंवा पाडलेली असेल तर पट्ट्याने बांधलेला माणूस ट्रॅक्टरखालीच सापडतो. आणि कमान उभी असून पट्टा नसेल, तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच कमान त्याच्या अंगावर येते.

(दृश्य: बागेचं फाटक. चालक खाली उतरतो.)

हे चित्रण दुसऱ्या दिवसाचं. फाटकाशी ट्रॅक्टर थांबवला, हँडब्रेक ओढला. कमान उभी केली. डावी पिन. उजवी पिन. दोन्हींना क्लिप. हाताने एकदा हलवून पाहिलं. आम्ही घड्याळ लावलं होतं. २२ सेकंद.