उलीची धावपट्टी

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, नायजेरियात. 1967 साली तिथला पूर्वेकडचा इग्बो लोकांचा भाग बियाफ्रा म्हणून फुटून निघाला, यादवी पेटली, सरकारनं नाकेबंदी केली आणि आत अन्न पोचेना. अन्न द्यायला लोक तयार होते हो, पण कुठल्या वाटेनं न्यायचं यावर दोन्हीकडचे पुढारी अडून बसले. पुढाऱ्यांचं काय, ते जेवूनच मीटिंगला येतात.

मग चर्चच्या संस्था एकत्र आल्या आणि साओ टोमे बेटावरून विमानं सोडायला लागल्या. उतरायचं कुठे, तर बियाफ्रातल्या उलीला. उली म्हणजे एअरपोर्ट नाही बरं का, साधा हायवे रुंद करून केलेली पट्टी, तीही विमानाच्या पंखांपेक्षा अरुंद! आणि उतरायचं रात्रीच, कारण दिवसा दिसलात की संपलात. विमान अंधारात घिरट्या घालतंय, वर नायजेरियाचं बॉम्बर टपून बसलंय, पायलट रेडिओवर लाइट मागतो, खाली काही सेकंद दिवे लागतात की लगेच बंद, तेवढ्यात चाकं टेकवायची. मग गावातली माणसं काळोखातच धावत येऊन पोती उतरवणार, आणि उजाडायच्या आत विमान परत! परत सांगतो, रात्रीच, आणि दिवे काही सेकंदच. पायलट लोकांनी या सर्व्हिसला नाव ठेवलं होतं 'जीझस क्राइस्ट एअरलाइन्स'. अशा पाच हजारांच्या वर फेऱ्या झाल्या, सुमारे 60,000 टन माल गेला.

पोत्यांत काय असायचं? दूध पावडर, मीठ, आणि नॉर्वेचा सुकवलेला कॉड मासा, आपल्या सुक्या बोंबलासारखा कडक. पोरांची पोटं फुगलेली, पाय सुजलेले, केस तांबूस झालेले, कारण प्रोटीनच नाही, आणि हा मासा इग्बो लोकांच्या घरात आधीपासूनच शिजायचा, त्यामुळे कसा करायचा ते कुणाला शिकवावं लागलं नाही. (आणि आपल्याकडे सोसायटीत सुकट भाजली की वास येतो म्हणून नोटीस लावतात, कमाल आहे!) पुढचं काम नर्सेस, नन्स आणि गावातल्या बायकांचं, पोरांच्या रांगा लावायच्या, कुठलं पोर जास्त खंगलंय ते बघायचं, मोजून भरवायचं.

जानेवारी 1970 ला बियाफ्रा शरण गेलं. रेडक्रॉसतर्फे तिथे गेलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांनी 1971 ला 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संकटात वैद्यकीय मदत करणारी संस्था काढायला हात लावला, पण ते पुढच्या वेळी, आता बातम्यांची वेळ झालीय.