कॉन्फरन्सचं बळ मोजायचं कसं?

मंडळी, अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजगावात ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर एक वाद हमखास कानावर पडतो: अमेरिकन फुटबॉलमध्ये भारी कोण, एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) की बिग टेन? ही कॉलेज संघांच्या दोन मोठ्या गटांची, म्हणजे कॉन्फरन्सेसची, नावं. अलाबामा-जॉर्जियात एक उत्तर मिळतं, ओहायो-मिशिगनात बरोबर उलटं. आपली कितीतरी मुलं पर्ड्यूला, मिशिगनला, टेक्सस ए अँड एमला शिकायला येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला या वादात ओढली जातात. मला हा वाद मनापासून आवडतो. पण तो ज्या पुराव्यावर लढवला जातो तो फार तोकडा आहे, आणि त्याची किंमत कधीकधी वीस-बावीस वर्षांच्या पोरांना मोजावी लागते. आज त्याबद्दल बोलतो.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर २०२४ साली १३४ संघ होते आणि प्रत्येकाला नियमित सामने मिळतात बारा. म्हणजे शंभराहून जास्त संघांशी त्या वर्षी गाठच पडत नाही. त्या बारातलेही आठ-नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये होतात. बिग टेन १८९६ सालची, एसईसी १९३२ ची. पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ २०२४ मध्ये फुटली. यूएससी, यूसीएलए, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. त्याच वर्षी टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत आले. आता बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत, एसईसीत सोळा.

आता साधं गणित करू. सोळा संघ, प्रत्येकाचे आठ अंतर्गत सामने, म्हणजे एकूण चौसष्ट. या चौसष्ट सामन्यांत चौसष्ट विजय आणि चौसष्ट पराभव होणार. हे सोळा संघ देशातले सर्वोत्तम असोत नाहीतर सुमार, ही बेरीज बदलत नाही. त्यामुळे कॉन्फरन्सच्या आतल्या निकालांवरून आतला क्रम कळतो, पण ती कॉन्फरन्स बाहेरच्यांच्या तुलनेत कुठे उभी आहे, हे कळत नाही.

आपल्या रणजीतलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली, दोघांचीही त्रिशतकं. रणजीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी भागीदारी. पण तो सामना दुबळ्या संघांच्या प्लेट गटातला होता आणि अरुणाचलचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला होता. या धावा एलिट गटात किती झाल्या असत्या, हे त्या धावफलकावरून कुणालाच सांगता येणार नाही. रणजीत निदान प्लेटमधला संघ वर चढतो, मग त्याची परीक्षा होते. अमेरिकेतल्या कॉन्फरन्सेसमध्ये चढणं-उतरणं नाही.

म्हणून एकाच निकालाचे दोन अर्थ लावता येतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. लोकांनी गोलपोस्ट उखडला, शहरातून मिरवत नेला आणि कंबरलंड नदीत टाकला. एसईसीचा चाहता म्हणाला, पाहा, आमच्या तळातल्या संघातही किती दम आहे! बिग टेनचा चाहता म्हणाला, पाहा, तुमचं अलाबामा किती घसरलंय! दोन्ही म्हणणी त्या आकड्यांत बसतात. कोणतं खरं, हे ठरवायला बाहेरच्या संघांशी झालेले सामनेच पाहावे लागतात.

आणि ते फार थोडे आहेत. त्याच २०२४ च्या हंगामात सप्टेंबरमध्ये एसईसी आणि बिग टेनच्या संघांची गाठ जेमतेम बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पडली. लास व्हेगासला बिग टेनच्या यूएससीने एसईसीच्या एलएसयूला २७-२० हरवलं. पण टेक्ससने अॅन आर्बरला जाऊन मिशिगनला ३१-१२ असं धुतलं आणि अलाबामाने मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिनला ४२-१०. सप्टेंबरअखेर कुणीही म्हटलं असतं की एसईसी पुढे आहे. मग ३० नोव्हेंबरला त्याच मिशिगनने कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला १३-१० असा धक्का दिला, आणि ३१ डिसेंबरला हंगामानंतरच्या बाउल सामन्यात अलाबामाला १९-१३ हरवलं, तेही मिशिगनचे अनेक प्रमुख खेळाडू एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीच्या, तयारीसाठी बाहेर बसलेले असताना. इकडे मिशिगनकडून हरलेल्या ओहायो स्टेटने प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, एसईसीच्या टेनेसीला ४२-१७ आणि टेक्ससला २८-१४ हरवून शेवटी राष्ट्रीय विजेतेपद नेलं. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला विचाराल तर एसईसी, शेवटी विचाराल तर बिग टेन. मधले तीन महिने हे दोन गट एकमेकांसमोर आलेच नाहीत.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी इथे म्हणेल, रेटिंग काढा ना. एलो पद्धत आहे, कॉलीची आहे, मॅसीची आहे. या सगळ्या पद्धती मला मोलाच्या वाटतात. पण त्यांच्या पोटातही तीच अडचण आहे: प्रतिस्पर्ध्याचं बळ त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून, त्यांचं त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवरून, असं मागे मागे जात शेवटी सगळा डोलारा त्या मोजक्या आंतर-कॉन्फरन्स सामन्यांवर टेकतो. त्यातला एखादा पावसात झाला, एखाद्यात क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जखमी झाला, की अख्ख्या कॉन्फरन्सचा आकडा वरखाली होतो. गुणफरकाचाही प्रश्न आहे. २००१ च्या हंगामात नेब्रास्का कोलोरॅडोकडून ६२-३६ असं हरूनही अंतिम सामन्यात गेलं, आणि त्यानंतर बीसीएसने, म्हणजे अंतिम सामन्याचे संघ ठरवणाऱ्या तेव्हाच्या व्यवस्थेने, संगणकी क्रमवारीतून गुणफरकच काढून टाकायला लावला. माझ्या मते ते चुकलंच. फरकाला कमाल मर्यादा घालायला हवी होती. हातातली माहिती टाकून देणं बरोबर नव्हतं.

आता पोरांना किंमत कशी मोजावी लागते ते सांगतो. २०२३. फ्लोरिडा स्टेट, एसीसी या आणखी एका मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता, १३ सामने, १३ विजय. हंगामाची सुरुवात त्यांनी एसईसीच्या एलएसयूला ४५-२४ हरवून केली. नोव्हेंबरच्या अखेरीस गेन्सव्हिलला जाऊन एसईसीच्याच फ्लोरिडाला २४-१५ हरवलं. मधे १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. तरी फ्लोरिडाला हरवलं, लुईव्हिलला हरवून एसीसी जिंकली. आणि ३ डिसेंबरला निवड समितीने चार संघ जाहीर केले, त्यात फ्लोरिडा स्टेट नव्हतं. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्याऐवजी अलाबामा आलं, १२ विजय, एक पराभव. तो पराभव त्यांच्याच मैदानावर टेक्ससकडून, ३४-२४.

समितीने दुखापतीचं कारण दिलं. पण अलाबामाच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू आलेला मुद्दा होता एसईसीत खेळण्याचा. ज्या संघाने त्या वर्षी प्रत्यक्ष मैदानावर एसईसीचे दोन संघ हरवले होते, त्याच्यासमोर एसईसीचं नाव ठेवण्यात आलं! मला हे आजही पटत नाही. मैदानावरचा पुरावा हातात असताना लौकिकाला विचारायला जाणं हा अन्याय आहे. पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ हरवलं आणि काही जण म्हणाले, पाहा, समिती बरोबर होती. पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे बरेचसे पहिल्या फळीचे खेळाडू उतरलेच नव्हते. स्वप्न मोडलेल्या संघाचा असा निकाल मी कॉन्फरन्सच्या तुलनेत धरत नाही, तुम्हीही धरू नका.

मग मी काय धरतो? एक म्हणजे, मधल्या संघांचे बाहेरचे सामने. शिखरावरचे एक-दोन संघ प्रशिक्षक आणि पैशाच्या जोरावर कुठेही उभे राहतात, पण सहाव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ दुसऱ्याच्या मैदानावर काय करतात, यावरून कॉन्फरन्सची खोली कळते. आणि दुसरं, एनएफएलचा ड्राफ्ट. तो या वादातला जवळजवळ एकमेव स्वतंत्र साक्षीदार आहे, कारण खेळाडू निवडणाऱ्या संघमालकाला कॉन्फरन्सच्या अभिमानाशी काही देणंघेणं नसतं. २००७ पासून दरवर्षी सर्वाधिक खेळाडू एसईसीतून निवडले गेले आहेत. त्यामुळे २००६ ते २०१२ या सलग सात हंगामांत एसईसीने जिंकलेली राष्ट्रीय विजेतेपदं नशिबाची नव्हती, हे मी बेधडक सांगतो.

पण अलीकडचं चित्र बघा. २०२३ ला मिशिगन, २०२४ ला ओहायो स्टेट, दोन्ही बिग टेन. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये एकूण २५७ पैकी एसईसीचे ७९, बिग टेनचे ७१. संघामागे हिशेब केला तर एसईसीचे सुमारे पाच, बिग टेनचे चार. अंतर आहे, पण पूर्वीएवढं नाही. माझ्या मते याचं मोठं कारण राखीव फळी. पूर्वी अलाबामात तिसऱ्या क्रमांकाचा बचावपटू तीन वर्षं बाकावर थांबायचा. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष न गमावता कॉलेज बदलता येतं, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. आता तोच मुलगा बिग टेनमधल्या इंडियानाला जाऊन पहिल्या दिवसापासून खेळतो.

शेवटी वेळापत्रक. बिग टेन नऊ अंतर्गत सामने खेळायची आणि एसईसी आठ. नवव्याच्या जागी अनेकदा नोव्हेंबरात एखादा खालच्या पातळीवरचा संघ बोलावला जायचा. एसईसीने २०२६ पासून नऊ करायचं ठरवलं. म्हणजे चौसष्टाऐवजी बहात्तर सामने, आणि कॉन्फरन्सच्या खात्यात आठ जादा पराभव. तुलना एका मापाने व्हायला याने मदत होईल, पण मूळ प्रश्न सुटणार नाही, कारण हेही सामने आतलेच. मला हवंय ते वेगळं: नोव्हेंबरचा एक शनिवार दोन्ही कॉन्फरन्सेसनी राखून ठेवावा आणि आपापल्या क्रमवारीप्रमाणे समोरासमोर यावं. पहिला पहिल्याशी, आठवा आठव्याशी, सोळावा सोळाव्याशी. बिग टेनचे उरलेले दोन दुसरीकडे खेळतील. सगळे संघ मुरलेले, ड्राफ्टसाठी कुणी बाहेर बसलेलं नाही, प्लेऑफच्या जागा अजून ठरायच्या आहेत. एका दिवसात सोळा सामने, आणि निवड समितीच्या हातात त्यांचे निकाल.